हीरोपेक्षा लहान आई

नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना मी जिथे जिथे ‘म्हणजे’ म्हटलं होतं त्यातले निम्मे काढून टाकलेत, बाकीचे सहन करा.

१९७० साली ‘जॉनी मेरा नाम’ नावाचा हिंदी सिनेमा आला. तुमच्या आईबाबांनी नसेल तर आजी-आजोबांनी नक्की पाहिलाय. दोन भाऊ लहानपणी एकमेकांपासून तुटतात. मोठेपणी एक होतो देव आनंद, दुसरा प्राण. त्यांची आई म्हणजे सुलोचना. आपल्या सुलोचनादीदी, भालजी पेंढारकरांच्या तालमीत तयार झालेल्या. सिनेमा लागला तेव्हा प्राणचं वय ५०, देव आनंदचं ४७ आणि आईचं ४२.

परत वाचा. आई बेचाळीस, मुलं सत्तेचाळीस आणि पन्नास.

मी कोड लिहून पोट भरते, त्यामुळे असं काही दिसलं की पहिला विचार येतो की हे एकदाच झालंय की नेहमी होतं? म्हणून एक एक्सेल शीट केली. सिनेमाचं नाव, साल, पडद्यावरच्या आईची जन्मतारीख, पडद्यावरच्या मुलाची जन्मतारीख, आणि शेवटच्या रकान्यात वजाबाकी. दहा-बारा ओळी भरल्या आणि शेवटच्या रकान्यात उणे चिन्हं दिसायला लागली. ‘मदर इंडिया’, १९५७. नर्गिसचा जन्म १ जून १९२९, तिच्या मुलाचं, बिरजूचं काम करणाऱ्या सुनील दत्तचा ६ जून १९२९. आई मुलापेक्षा पाच दिवसांनी मोठी. पुढच्याच वर्षी दोघांनी लग्न केलं. ‘शक्ती’, १९८२. आई राखी, मुलगा अमिताभ. अमिताभ आईपेक्षा जवळजवळ पाच वर्षांनी मोठा. आणि आदल्याच वर्षी ‘बरसात की एक रात’मध्ये हीच राखी त्याची बायको होती. वहिदा रहमानचं तर दिग्दर्शकही बदलला नाही. यश चोप्रांच्या ‘कभी कभी’त, १९७६ साली, ती अमिताभची बायको आणि त्यांच्याच ‘त्रिशूल’मध्ये, १९७८ साली, आई. ‘त्रिशूल’मध्ये अमिताभची प्रेयसी कोण? राखी. तिचा नंबर यायला अजून चार वर्षं होती.

ही शीट मी टीममधल्या एका मित्राला दाखवली. तो म्हणाला, “अगं, पण अभिनय आहे ना तो? आणि स्टोरीत आधी ती तरुण दाखवायची असते. तरुण बाईला म्हातारं करता येतं, म्हाताऱ्या बाईला तरुण कसं करणार?”

मुद्दा चांगला आहे, उडवून लावण्यासारखा नाही. आपल्या सिनेमात पहिली वीस मिनिटं हीरोचं बालपण असायचं. तिथे आई तिशीतली हवी. मग मध्ये वर्षं जातात, केसांना पांढरी पावडर लागते, साडीचा रंग उडतो. ‘मदर इंडिया’त नर्गिस नवरी म्हणून येते आणि म्हातारी होऊन जाते. ‘सुजाता’ (१९५९) पण तसाच. त्यात सुलोचनादीदी नूतनला वाढवणारी आई आहेत, आणि दोघींच्या वयात आठ वर्षंसुद्धा नाहीत. शशिकला त्यात त्यांची पोटची मुलगी. तिथे अंतर चार वर्षांचं.

पण आता ‘शक्ती’कडे परत या. त्यातही बालपणाचा भाग आहेच. आई तरुण दिसायला हवी म्हणून ३५ वर्षांची राखी घेतली. बाप कोण? दिलीपकुमार. तेव्हा ५९ वर्षांचा. लहान पोराचा तरुण बाप म्हणूनही तोच उभा राहिला, विग लावून, आणि कुणाला खटकलं नाही. म्हणजे साठीला आलेल्या पुरुषाला मागे नेता येतं, बाईला फक्त पुढे. मेकअपची पेटी एकच आणि मेकअपमनही तोच.

आणि मराठी माणसाने तरी ‘म्हाताऱ्याला तरुण कसं करणार’ असं विचारू नये. आपल्याकडे बालगंधर्व होऊन गेले. १८८८चा जन्म. १९११ साली ‘मानापमान’मधली भामिनी केली तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे होते, ठीक. पण १९३१ साली ‘कान्होपात्रा’ आलं तेव्हा त्यांनी त्रेचाळिशी गाठली होती, शरीर सुटलेलं होतं, आणि तरुण कान्होपात्रेचं काम त्यांनीच केलं. लोक ऐकत होते, बघत होते, डोळे पुसत होते. यात मी गंधर्वांना काहीच बोल लावत नाही, त्यांच्या गाण्यापुढे वय कोण विचारणार. मी प्रेक्षकांबद्दल बोलतेय. आपल्या पणजोबांना त्रेचाळीस वर्षांचा पुरुष तरुण मुलगी म्हणून चालत होता. म्हणजे खरं वय विसरायची ताकद प्रेक्षकात असते. ती कुणासाठी वापरायची, एवढाच प्रश्न.

मला वाटत होतं की हा नियम पहिल्यापासूनच असणार. सिनेमा आला, नायिका आली, नायिकेला तारीख उलटून गेलेल्या दुधासारखी एक्स्पायरी आली. पण शीटमध्ये मागे मागे गेले तसं चित्र वेगळं निघालं.

१९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती होते साळुंके. होते, कारण ते पुरुष होते. दादासाहेब फाळक्यांना बाई मिळेना, म्हणून एका हॉटेलात स्वयंपाक करणारे साळुंके त्यांनी उभे केले. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई अशा मायलेकी कॅमेऱ्यासमोर आल्या. मग १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, बोलपट, आणि तारामती झाल्या दुर्गा खोटे. तेव्हा त्या २७ वर्षांच्या, दोन मुलांची आई. आजच्या हिशेबाने ‘लाँच’ करायचं वय नाही हे! पण त्यानंतर चार वर्षांनी, ३१व्या वर्षी, त्याच दुर्गाबाई शांतारामबापूंच्या ‘अमरज्योती’मध्ये सौदामिनी होत्या. समुद्रावरच्या चाच्यांची राणी, अन्यायाविरुद्ध तलवार घेऊन उभी राहिलेली. मुख्य भूमिका. हीरोची बहीण नाही, वहिनी नाही.

आणि मग लीला चिटणीस. या बाईंवर मला जरा थांबायचंय, कारण माझ्या ओळखीच्यांपैकी दहा जणांना नाव विचारलं तर नऊ जणांनी खांदे उडवले आणि एक जण म्हणाला, “ती खोकणारी आई ना?”

लीलाबाई जन्मल्या १९०९ साली धारवाडला. बी. ए. झालेल्या. मराठी नाटकांतून पुढे आलेल्या. १९३९ साली बॉम्बे टॉकीजचा ‘कंगन’ आला, त्यात अशोककुमारच्या नायिका. १९४० साली ‘बंधन’, १९४१ साली ‘झूला’. तीन वर्षांत तीन गाजलेले सिनेमे, एकच जोडी. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत पहिली भारतीय नटी झळकली ती हीच. आणि डोळ्यांनी कसं बोलायचं हे आपण लीलाबाईंकडून शिकलो, हे अशोककुमारने नंतर कबूल केलंय. आता गंमत बघा. ‘कंगन’च्या वेळी त्या तिशीत होत्या आणि हीरोपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. कुणाचं काही बिघडलं नाही. तिकिटं विकली गेली.

१९४८ साली ‘शहीद’ आला. त्यात लीलाबाई दिलीपकुमारची आई आहेत. ‘झूला’ला सात वर्षं झाली होती.

१९४९ साली ‘महल’ आला. त्यात अशोककुमार हीरो आहे. नायिका मधुबाला. अशोककुमार ३८ वर्षांचा, मधुबाला १६.

हे दोन सिनेमे माझ्या शीटमध्ये एकाखाली एक आले आणि मी चहा प्यायला उठले. एकच जोडी होती हो ती! सात-आठ वर्षांत त्यातला एक जण सोळा वर्षांच्या मुलीचा प्रियकर झाला आणि दुसरी आई. तीही एकदाच नाही. १९५१ साली ‘आवारा’मध्ये राज कपूरची आई, १९६१ साली ‘गंगा जमना’त दिलीपकुमारची, १९६५ साली ‘गाईड’मध्ये देव आनंदची. त्या काळच्या तिन्ही मोठ्या हीरोंच्या आई. मधल्या काळात त्यांनी स्वतः सिनेमाची निर्मिती करून पाहिली, १९५५ साली ‘आज की बात’ दिग्दर्शितही केला. पण पडद्यावर परत वळायचा रस्ता नव्हता. ‘चंदेरी दुनियेत’ नावाचं आत्मचरित्र लिहिलंय त्यांनी, मिळालं तर वाचा. २००३ साली अमेरिकेत, कनेटिकटमध्ये त्या वारल्या.

तर मधल्या काळात झालं काय? माझ्या समजुतीने, नोकरीची पद्धत बदलली. तिसाच्या दशकात प्रभात काय, बॉम्बे टॉकीज काय, सगळीकडे नट-नट्या पगारावर होत्या. कंपनी गोष्ट निवडायची, मग आपल्याच पगारी माणसांतून काम वाटायची. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बाहेरचा पैसा आला, स्टुडिओ मोडत गेले आणि प्रत्येक स्टार आपला आपण फ्रीलान्स. आता सिनेमा विकला जायचा हीरोच्या नावावर. वितरक विचारायचा, हीरो कोण? बाकीचं नंतर. हीरो आधी साइन, मग त्याला शोभेल अशी नायिका, मग त्याची आई. आमच्या भाषेत सांगायचं तर हीरोचं वय हा कॉन्स्टंट झाला. कायम पंचवीस. बाकी सगळ्यांची वयं त्याच्यापासून मोजायची. देव आनंदचं जन्मसाल कुठेच इनपुट म्हणून घेतलं जात नाही, त्यामुळे आई बेचाळीस असली तरी सिस्टीमला एरर येत नाही.

याच हिशेबातली आणखी एक वजाबाकी. १९३७ साली प्रभातनेच ‘कुंकू’ काढला होता, ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून. विशीतल्या शांता आपटे, आणि त्यांच्या म्हाताऱ्या बिजवराच्या भूमिकेत ४८ वर्षांचे केशवराव दाते. अख्खा सिनेमा याच एका गोष्टीबद्दल आहे की हे लग्न म्हणजे अन्याय आहे. ‘जॉनी मेरा नाम’मध्ये देव आनंद ४७ आणि हेमामालिनी २२. अंतर जवळपास तेवढंच. पण आता तो अन्याय नाही, रोमान्स आहे, गाणी आहेत.

शांताबाईंचं नाव निघालंच आहे तर सांगते. १९३९ साली करारावरून वाद झाला तेव्हा ही बाई प्रभात स्टुडिओच्या फाटकासमोर उपोषणाला बसली. एकटी. १९४० साली तिने ‘जाऊ मी सिनेमात?’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि या धंद्यात माणसाला कसं पिळतात ते मांडलं. म्हणजे ‘तेव्हाच्या बायकांना काही वाटत नव्हतं’ असं कुणी म्हणालं तर हे पुस्तक पुढे करा.

आईच्या दाराशेजारी आणखी एक दार होतं, सासूचं. त्यातून ललिता पवार आत ढकलल्या गेल्या, आणि तेही एका थपडेने. ललिताबाई येवल्याच्या. १९३५च्या ‘हिम्मत-ए-मर्दा’सारख्या स्टंटपटांची ही नायिका, स्वतः निर्मितीत उतरलेली. १९४२ साली ‘जंग-ए-आजादी’च्या शूटिंगला भगवान दादांनी सीनमध्ये मारलेली थप्पड खरोखरची लागली. चेहऱ्यावरून वारं गेलं, तीनेक वर्षं उपचार चालले, डावा डोळा कायमचा बारीक झाला. वय २६. परत आल्या त्या खाष्ट बाई म्हणून. १९५०च्या ‘दहेज’मध्ये त्या सासू आहेत. त्यांच्या मुलाचं काम करणारा करण दिवाण त्यांच्यापेक्षा दीड वर्षाने लहान. पुढच्या वर्षी ‘अलबेला’ आला आणि भगवान दादा, वय ३८, गीता बालीचे हीरो. तो अपघात होता, भगवान दादांनी मुद्दाम केलं असं कुणीच म्हणत नाही. मला फक्त ती दोन सालं शेजारी ठेवायची आहेत. ललिताबाईंनी मग त्या डोळ्याचं काय सोनं केलं ते सगळ्यांना माहीत आहे. ‘अनाडी’तल्या मिसेस डिसाला फिल्मफेअर मिळालं, आणि सत्तरी ओलांडल्यावर ‘रामायण’मध्ये त्यांनी मंथरा अशी केली की आमच्या आजीच्या पिढीने टीव्हीला शिव्या घातल्या.

आता तुमच्या-माझ्या लहानपणाची आई. रीमा लागू.

जन्म २१ जून १९५८. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या नटी, पुण्यात हुजूरपागेत शिक्षण. जयवंत दळवींच्या ‘पुरुष’ नाटकात नाना पाटेकरांसमोर त्यांनी अंबिका केली. एका पुढाऱ्याने बलात्कार केलेली, आणि रडत न बसता त्याचा हिशेब चुकता करणारी शिक्षिका. ज्यांनी ते नाटक पाहिलंय त्यांच्याकडून ऐका, अजून सांगताना आवाज बदलतो त्यांचा. हिंदी सिनेमाने या बाईकडे पाहिलं आणि ठरवलं, आई. १९८८ साली ‘कयामत से कयामत तक’मध्ये त्या जुही चावलाची आई झाल्या तेव्हा रीमाताई २९ वर्षांच्या होत्या. मी आज २८ची आहे. घरी अजून लोक मला ‘लहान आहे ती’ म्हणतात.

पुढच्या वर्षी ‘मैंने प्यार किया’. मुलगा सलमान, वय २४, आई ३१. आता माझ्या मित्राचा फ्लॅशबॅकचा मुद्दा इथे लावून बघा. या सिनेमात बालपणाचा भाग नाहीच. रीमाताईंना तरुण दिसायची गरजच नव्हती. मग पंचेचाळीस-पन्नासची, खरंच आईच्या वयाची नटी का नाही? मला सुचलेलं उत्तर असं की या नव्या आईला छान दिसायचं होतं. मुलाची मैत्रीण असलेली, हसरी, सुंदर साडीतली आई. आणि पन्नाशीची बाई सुंदर असू शकते यावर धंद्याचा विश्वास नव्हता. म्हणजे सुंदर आई हवी, तर तिशीतली आणायची. आणि तिशीतली बाई आई झाली की तिच्या वयाच्या बाईच्या गोष्टी संपल्या. एका दगडात पन्नाशीतली बाईही गेली आणि तिशीतलीही.

१९९३ साली ‘गुमराह’मध्ये त्या श्रीदेवीची आई होत्या. अंतर पाच वर्षांचं. १९९९ साली महेश मांजरेकरांच्या ‘वास्तव’मध्ये संजय दत्तची. अंतर तेरा महिने. शेवटी ती आई रघूला गोळी घालते तो सीन यूट्यूबवर बघा. मी तारखा माहीत असूनही पाहिला, मुद्दाम चूक काढायला पाहिला, आणि तेरा महिन्यांचं अंतर मला एकदाही आठवलं नाही. इतकं चांगलं काम. हेच जास्त लागतं मनाला. एवढ्या ताकदीची बाई चाळिशीत होती, आणि चाळिशीतल्या बाईची स्वतःची गोष्ट तिला कुणी दिली नाही. दिली ती टीव्हीने, थोडीफार. ‘श्रीमान श्रीमती’तली कोकिला आठवा, मजेशीर. पण त्याच सुमाराला ‘तू तू मैं मैं’मध्ये पुन्हा सासू, सुप्रिया पिळगावकरांची. त्यात त्यांनी इतकी धमाल केली की तक्रार करायला तोंड उघडत नाही. २०१७ साली, ५८व्या वर्षी त्या गेल्या, तेव्हाही मालिकेचं काम चालूच होतं.

कुणी म्हणेल, या भूमिकांमुळे त्यांना आयुष्यभर काम तर मिळालं. मिळालं, खरंय. सुलोचनादीदींनी शेकडो सिनेमे केले, लोक त्यांना वाकून नमस्कार करायचे, ‘महाराष्ट्र भूषण’ मिळालं. २०२३ साली ९४व्या वर्षी त्या गेल्या तेव्हा आमच्या सोसायटीतल्या आज्या घरातलं कुणी गेल्यासारख्या बोलत होत्या. त्या कामाला मी कमी लेखत नाही. पण ती नोकरी होती बदलीची, आणि ऑर्डर एकदा निघाली की परतीची बदली नाही. अशोककुमारही पुढे वडील झाला, आजोबा झाला. फरक इतकाच, तो खरोखर त्या वयाचा झाल्यावर झाला.

माझ्या शीटमधली शेवटची ओळ २०१९ची आहे. ‘भारत’. हीरो सलमान, तोच, ‘मैंने प्यार किया’वाला. आता ५३ वर्षांचा. आई सोनाली कुलकर्णी, आपली ‘दोघी’मधली, ‘दिल चाहता है’मधली. वय ४४. रकान्यात उत्तर आलं उणे नऊ. फाळणीच्या वेळचं बालपण आहे सिनेमात, तेव्हा फ्लॅशबॅकचं कारण इथे पुन्हा आहे. पण त्याच सिनेमात सलमानला विशी-पंचविशीतलाही दाखवलाय, ती सोय त्याच्यासाठी होतीच. १९८९ ते २०१९. तीस वर्षांत सलमान तीस वर्षांनी मोठा झाला. त्याची आई मोठी झाली तेरा वर्षांनी.

शीटची लिंक या भागाखाली दिलीय, बघायला सगळ्यांना खुली आहे. तुमच्या पाहण्यातला एखादा सिनेमा असेल, मराठी मालिका असेल तर जास्तच बरं, तर नाव, साल आणि दोन जन्मतारखा मेसेज करा. तारखा नीट तपासून घ्या, नट्यांच्या बाबतीत इंटरनेटवर दोन-दोन जन्मसालं सापडतात. ती का सापडतात, ते पुढच्या भागात.